बाळाची झोप

झाडाला बांधलेल्या झोळीतून बाळ पडलं, तेव्हा भागीरथा कापूस वेचत होती. टेंगूळ लहानसंच होतं, पण दुपारनंतर बाळ डोळे उघडेना. स्कॅनची यंत्रं यायच्या आधीचा तो काळ. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “हाड शाबूत आहे. मेंदूत रक्त साचलं असेल तर यात दिसत नाही. बाळ जागं असतं तर नुसती नजर ठेवली असती. आता नागपूरला न्या. तिथं मानेच्या रक्तवाहिनीत सुईनं औषध सोडून फोटो काढतील. त्यातही धोका आहे.” सासू म्हणाली, “मंग बसून काऊन राह्यली? चाल!” एवढ्याशा मानेत सुई! भागीरथानं डॉक्टरीणबाईंचा हात धरला. “बाई, वेचणीच्या वक्ताले निजून राहावं म्हून म्या अफूची गोळी देल्ली होती.” सासू दारातून मागं फिरली. “पडल्यावर लय रडे, तं म्याबी देल्ली.” “दोन गोळ्या! अफूनं श्वास बंद पडतो.” डॉक्टरीणबाई नागपूरसाठी लिहायला घेतलेली चिठ्ठी तशीच टाकून बाळाचे श्वास मोजू लागल्या.