व्यासाची खूण

ड्रॉइंगवरच्या त्या छोट्या चौकटीत ०.२ च्या आधी तिरकी रेघ मारलेलं शून्य होतं. व्यासाची खूण. गेले आठ महिने ती रोज ते शून्य बघत होती. आज ते बघितलं आणि ती मोजता मोजता थांबली.

सकाळी लेकीने गृहपाठातून मान वर न करता विचारलं होतं, "आई, व्यास चार असेल तर कंपासमध्ये दोनच घ्यायचे ना?"

"एवढंही येत नाही का गं तुला?" असं म्हणून ती कामावर निघाली होती. आता तोच प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला होता.

समोर लिफ्टच्या ब्रेकची प्लेट होती. प्लेटला चार भोकं. प्रत्येक भोकाचा मध्य ठरल्या जागेपासून किती सरकलाय ते मोजायचं आणि पास की नापास ते लिहायचं, हे तिचं काम. ०.२ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतो, असं ती धरून चालली होती. पण ०.२ हा तर वर्तुळाचा व्यास. मध्य त्या वर्तुळाच्या आत राहायला हवा, म्हणजे कुठल्याही बाजूला फार तर ०.१. भल्याभल्यांचं घोडं इथेच पेंड खातं. तिचं आठ महिने खात होतं.

तिने रजिस्टर उघडलं. ०.१४, पास. ०.१७, पास. ०.१५, पास. सगळं तिच्याच वळणदार अक्षरात. अशा तीनशे बारा प्लेटा. त्या कधीच लिफ्टमध्ये बसल्या होत्या, आणि त्या लिफ्टमध्ये रोज माणसं चढत होती. तिरका बसलेला ब्रेक शंभरदा धरेल, पण एकशे एकाव्यांदा?

तिला भयंकर भीती वाटली. गप्प बसावं, असंही वाटलं. कोण बघायला येतंय? पण नापास माल शून्यावर आणला म्हणून गेल्याच महिन्यात साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या आठवल्या आणि तिने रजिस्टर मिटून ड्रॉइंग उचललं.

साहेबांची खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट दार उघडून उभीच होती. ती जिन्याने गेली.

"साहेब, माझ्या हातून फार मोठी चूक झालीय." तिने ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि व्यासाच्या खुणेवर बोट ठेवलं. मग एका दमात तिने सगळं सांगून टाकलं. "तीनशे बाराच्या तीनशे बारा परत मागवायला लागतील. मला काढून टाका हवं तर, पण आजच फोन करा."

साहेब ओरडले नाहीत. ते उठले, शांतपणे दार लावून आले आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा. पाणी घ्या," ते म्हणाले. "अहो, मला वाटलं होतं, तुम्ही समजून-उमजूनच करताय."

"म्हणजे?"

साहेबांनी ड्रॉइंगची नीट घडी घातली आणि ते स्वतःच्या खणात ठेवलं.

"तुमच्या आधीच्या बाईंना ही खूण अगदी बरोबर वाचता यायची. म्हणून तर ही जागा तुमच्यासाठी रिकामी झाली."