पाचवा रुमाल

क्षयाला आळा घालायला नर्सबाई घरोघर हिंडायच्या. बहुतेक घरांत सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचा शब्द न् शब्द ऐकणारं घर असं हे एकच. वडिलांनी अंथरूण धरलं, तेव्हाच नर्सबाईंनी आईला आणि दोघी मुलींना बजावलं होतं, "खोकताना प्रत्येकाने तोंडावर आपापला रुमाल धरायचा. रोज उकळायचा. ओळखायला कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा टाका घालायचा."

आज भरदुपारी खिडकीपाशी दोरीवर पाच रुमाल वाळत होते. पाचव्याला काळा टाका होता.

"कुणी पाहुणे आलेत का?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे कोण येतंय, बाई? क्षय म्हटलं की सोयरेसुद्धा आल्या पावली परत जातात," आई म्हणाली. "आधी वाटलं, तुमचाच राहिला. पण रोज उकळते, तरी सकाळी पुन्हा रक्ताने माखलेला असतो."

नर्सबाईंनी घरभर नजर फिरवली. खाटेवर वडील, चुलीपाशी आई, जमिनीवर दोघी बहिणी. चारही माणसं समोरच होती.

"तो त्याचा आहे," धाकटी म्हणाली. "आधी तो आमच्या अंगावरच खोकायचा. तुम्ही सांगितल्यापासून नाही खोकत."

"कोण गं?"

 धाकटी नर्सबाईंच्या खांद्यामागे बघत राहिली.

आईने दचकून दोरीकडे पाहिलं. तिथे आता चारच रुमाल होते.

आणि नर्सबाईंच्या मानेपाशी कुणीतरी खोकलं. तोंडावर कापड घट्ट धरून, अगदी शिकवल्यासारखं.