शेपटीकडचा दोर

सुधाताईंनी विमानाच्या नाकावर कुंकवाचं बोट टेकवलं, तसे अनिलराव खेकसले, "काय करून राहिली? बैल आहे का तो?"

"बैल असता तं एवढे लाड केले असते का तुमी?" असं म्हणून सुधाताईंनी वर हळदही लावली.

बोरगावजवळच्या त्या धावपट्टीवर उन्हं नुकतीच उतरली होती. पांढरं, छोटंसं जेट. सहा खुर्च्यांचं, एकट्या माणसानं उडवायचं. पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी अनिलराव यांनी ते घेतलं तेव्हाही जुनंच होतं आणि आज आणखी जुनं होऊन ते दुसऱ्याच्या घरी निघालं होतं. गावानं त्यांचे ट्रक पचवले, बंगला पचवला. शेठचं विमान मात्र कधी कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. अनिलरावांना त्याची पर्वा नव्हती. उतारवयात विमान चालवायला शिकले आणि लहान मुलासारखे उडवत राहिले. मग गेल्या पावसाळ्यात अंगणात भोवळ येऊन पडले आणि डॉक्टरांनी उडवायची परवानगी नाकारली. पगारी पायलट ठेवा, असं सगळे म्हणाले. "आन् मी काय मागं बसून शेंगदाणे खाऊ?" एवढं बोलून त्यांनी विमानच विकायला काढलं.

घेणारी वृषाली नागपूरची. हाडांची डॉक्टर, स्वतः उडवणारी. कागदपत्रं कालच झाली होती. आज ती विमान न्यायला आली होती.

"दार दोनदा दाबजो, बेटा," अनिलराव सांगत होते. "एका दाबात लागल्यासारखं वाटते, पण लागत नाही. आन् उतरताना घाई नको करू. त्याले घाई आवडत नाही."

वृषालीनं मान डोलावली. सुधाताईंनी रुमालाची गाठ सोडली. आत ज्वारीची भाकर आणि गुळाचा खडा होता.

"जनावर विकलं का निघताना चारतो आमी. हे तं काही खात नाही. तुमीच खा त्याच्या वाटचं."

वृषाली हसली नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि गुळाबरोबर उभ्या उभ्या खाल्ला. सुधाताईंना ती तिथंच आवडली.

वाऱ्यावादळात हलू नये म्हणून विमानाचे दोन्ही पंख आणि शेपूट जाड दोरांनी जमिनीतल्या कड्यांना बांधलेलं असायचं. सुधाताईंनी पंखांचे दोन्ही दोर सोडले, नीट गुंडाळले आणि आपल्या पिशवीत घातले.

"काकू, ते लागतील मला," वृषाली संकोचून म्हणाली.

"बैल विकला तरी दावं देत नाही आमच्याकडं. दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाते म्हणतात. यायच्या बाबांचे तीन बैल गेले. तिन्ही दावी अजून खुंट्यांवर आहेत घरी."

"सुधा!" अनिलराव कडाडले. "दोर विमानाचं सामान आहे. व्यवहार म्हंजे व्यवहार. देऊन टाक."

सुधाताईंनी दोर काढून दिले. त्यांचे डोळे भरून आले होते. विमान विकायला काढल्यापासून हा माणूस घरी त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. जेवत होता, मंडीत जात होता, रात्री छताकडे बघत पडत होता. तो एकदा मोकळा होऊ दे, एवढंच त्या देवाला मागत होत्या.

अनिलरावांनी नेहमीप्रमाणे विमानाला चक्कर मारली. इंजिनांवरच्या लाल टोप्या काढल्या, चाकांपुढचे ठोकळे ओढून बाजूला ठेवले.

"झालं. बस, बेटा."

पण उडवणाऱ्यानं स्वतः एकदा पाहायचं असतं. वृषालीही विमानाभोवती फिरली आणि शेपटीशी थांबली.

"काका, हा दोर राहिला."

ट्रकची ताडपत्री जरा सैल दिसली तरी ड्रायव्हरला फैलावर घेणारा हा माणूस. कधी काही राहत नसे त्याच्याकडून. अनिलराव मागे आले, गुडघ्यावर बसले. गाठ त्यांनीच मारलेली, बैलाला मारतात तशी, एका ओढीत सुटणारी. त्यांनी दोराचं टोक हातात धरलं आणि तसेच बसून राहिले.

"आवळून बसली," ते म्हणाले.

ती गाठ कधी आवळून बसत नाही, हे सुधाताईंना पक्कं ठाऊक होतं. त्या शेजारी बसल्या. त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू द्या. सावकाश सोडू. घाई नाही आपल्याले."

दोघांनी मिळून टोक ओढलं. गाठ सुटली. अनिलरावांनी विमानाच्या पोटावर तळवा टेकवला आणि ते ढसाढसा रडले. सुधाताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

वृषाली पलीकडच्या संत्र्याच्या बागेकडे बघत उभी होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काका, मला दोनच दोर पुरतात."

विमान उठलं, बागेवरून वळलं आणि नागपूरच्या दिशेनं दिसेनासं झालं. अनिलराव सवयीनं गाडीच्या उजव्या दाराशी गेले, थबकले आणि वळसा घालून डावीकडे आले. भोवळीनंतर गाडी चालवायला सुधाताई शिकल्या होत्या.

"पट्टा लावा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पट्टा लावला. दोराचं वेटोळं मांडीवर ठेवलं. वाटेतलं सौसर मागे पडलं.

"सुधा," मग ते हळूच म्हणाले, "बाबांच्या दाव्यांजवळ एक खुंटी ठोकून घेऊ."

सुधाताईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"कालच ठोकली."