पाचपैकी पाच

"टीव्ही इथे कुणी आणला?" बाबाने दारातच विचारलं.

"मी," तोन्का म्हणाली. "अँटेना परवा आडवी झालीय ना वाऱ्याने. फोनवरून टीव्हीवर सोडतेय मॅच. बाल्कनीच्या दारापाशी नेट छान येतं."

"वारा?" खुर्चीतून नोनो म्हणाले. सगळं गाव आजोबांना नोनोच म्हणतं. "परवा तर पानसुद्धा हललं नव्हतं."

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. फायनल होती, समोर हंगेरी, आणि वॉटर पोलोच्या फायनलला आमच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्यांचं कुणी ऐकत नाही.

टेबलावर खारवलेले सार्डिन मासे, वाइनमध्ये पाणी घालून भरलेला जग, आणि जगाखाली दाबून ठेवलेला एक अर्ज. स्प्लिट शहरातल्या क्लबचा. गोलरक्षक म्हणून चाचणी, मुलींचा संघ, उद्या सकाळी नऊ वाजता. खाली पालकाच्या सहीची जागा रिकामी. प्रशिक्षक बाईंनी तोन्काला धक्क्यावर खेळताना पाहून स्वतः तो अर्ज दिला होता. बाबा मात्र एकदाही धक्क्यावर बघायला आला नव्हता.

"गोलरक्षक शिकवून होत नाही गं," बाबा म्हणाला. हे तो दर रविवारी म्हणायचा. "ते पोटात असावं लागतं. मी तुझ्याएवढा असताना समोरच्याने हात उचलायच्या आत सांगायचो, चेंडू कुठे येणार."

"आणि मी सांगितलं तर?"

"काय?"

"हंगेरीचे पहिले पाच गोल. कुठल्या बाजूने जाणार, ते आधी सांगते. बरोबर आले तर सही करायची."

टेबलाशी बसलेला येरेकाका सार्डिन तोंडात धरूनच बाबाकडे बघून हसला. "घे निक्शा! पोरगी तुझ्यावर गेलीय, बडबडीत तरी."

"पाचपैकी पाच," बाबा म्हणाला. "चार आले तर स्प्लिटचं नाव काढायचं नाही. पुढच्या वर्षीसुद्धा नाही."

"पाचपैकी पाच."

"आणि तुझा फोन इथे, माझ्यासमोर. मैत्रिणी काहीबाही कळवतील."

तोन्काने फोन टेबलावर ठेवला. मॅच सुरू झाली. चित्र मध्येच अडखळायचं, मग धावत सुटायचं. पहिली दोन मिनिटं गेली असतील नसतील, तोच अख्खी गल्ली "होऽऽ" करून ओरडली. घरातल्या टीव्हीवर मात्र चेंडू अजून आमच्याच गोलरक्षकाच्या हातात होता. पुष्कळ वेळाने आपला पहिला गोल झाला.

"सगळी मजा घालवतात!" येरेकाका उठला आणि त्याने बाल्कनीचं काचेचं दार, खिडक्या, सगळं घट्ट लावून टाकलं. वर टीव्हीचा आवाज वाढवला. जुलैचा महिना. चौघांच्याही कपाळावरून घाम गळायला लागला.

"आता येतोय," तोन्का एकदम म्हणाली. "उजवीकडे."

हंगेरीवाल्याने हात फिरवला. उजवा कोपरा. गोल.

"एक," नोनो म्हणाले.

"एक काय, कुणालाही येईल," बाबा म्हणाला.

दुसरा. "परत उजवीकडे." परत उजवीकडेच! येरेकाकाने छातीवर क्रॉसची खूण केली, तोही डाव्या हाताने, कारण उजव्यात मासा होता.

"ती पावेआजी बघ," तो काचेबाहेर मान वळवून म्हणाला. गल्लीपलीकडच्या बाल्कनीत अठ्ठ्याहत्तर वर्षांची पावेआजी दोरीवर कपडे घालत होती. "फायनलच्या वेळी धुणं! हिला काही देशाचं आहे की नाही?"

"तिला खेळातलं काय कळतंय," बाबा म्हणाला.

नोनो खोकले. "लहानपणी धक्क्यावरून सगळ्यात लांब चेंडू तीच फेकायची. तिच्या बापाने क्लबात जाऊ दिलं नाही."

"डावीकडे," तोन्का म्हणाली. तिसरा, डावीकडे.

आता बाबा हसत नव्हता. चौथ्याला ती म्हणाली, "मधोमध. डोक्यावरून," आणि चेंडू गोलरक्षकाच्या टोपीला घासून जाळ्यात गेला. बाबा उभाच राहिला.

हंगेरी पुन्हा चाल करून आली. तोन्का गप्प.

"सांग ना!" येरेकाका ओरडला.

"यात गोल नाही."

चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. पुन्हा चाल. तोन्काचे डोळे टीव्हीच्या जरा वर, कुठेतरी लांब लागलेले.

"काय गं, पोट दुखायला लागलं का?" बाबाचा आवाज मात्र त्याचा त्यालाच ओळखू आला नसता. "सांग, नाहीतर हरलीस."

पलीकडे पावेआजी गुडघा धरत पुन्हा बाहेर आली. "आली परत!" येरेकाका करवादला. "इतके कपडे हिला मिळतात तरी कुठून?"

"डावीकडे," तोन्का म्हणाली. "डावीकडेच."

चेंडू पाण्यावर टप्पा खाऊन डावीकडून आत घुसला.

फायनलमध्ये हंगेरीचा गोल झाल्यावर आनंदाने नाचलेलं अख्ख्या किनाऱ्यावर ते एकच घर असेल! येरेकाकाने तोन्काला उचललं, जग कलंडला, अर्जाच्या कोपऱ्यावर वाइन सांडली. बाबाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझं पोट," तो म्हणत राहिला, "माझंच पोट आलंय हिला." वाइनच्या डागावरच त्याने सही ठोकली.

मॅचही आपणच जिंकलो. सगळे करंडकाची वाट बघत बसले, तेव्हा तोन्का अर्ज छातीशी धरून जिने उतरली, गल्ली ओलांडली आणि तीन मजले धावत चढली.

पावेआजीने अर्ज वाचला, सहीवरून बोट फिरवलं आणि नाक ओढलं. तिच्या जुन्या, अँटेनावरच्या टीव्हीत कर्णधाराने करंडक उचलून तो पुढच्या खेळाडूकडे दिलासुद्धा होता. समोरच्या खिडकीत बाबा, येरेकाका आणि नोनो अजून श्वास रोखून बसले होते.

"चल, धुणं काढू," आजी म्हणाली.

तोन्का एका टोकापासून चिमटे काढत गेली. लाल टॉवेल, लाल टॉवेल, पांढरी खोळ, काळा परकर, पांढरी खोळ. एकालाही पाणी लागलेलं नव्हतं.