पूर्णीचं रिंगण

गुलाबनं मुठीतलं ज्वारीचं पीठ बोटांच्या फटीतून सोडत रिंगण आखायला घेतलं. रेघ तुटू नये म्हणून ती श्वास धरून मागं मागं सरकत होती. सकाळी सारवलेली जमीन अजून ओलसर होती. सगळी वस्ती कापूस वेचायला गेलेली. तीस वर्षं तिनं लोकांच्या मेलेल्यांसाठी अशी रिंगणं आखली होती. कुणाची सासू, कुणाचा लेक. स्वतःसाठी आज पहिल्यांदाच.

दक्षिणेकडं वीतभर जागा तिनं उघडी ठेवली. ते येणाऱ्याचं दार. दाराबाहेर कुणीतरी बसावंच लागे. रिंगणात बसणारीच्या तोंडून मेलेलं माणूस बोलतं, पण आपल्या तोंडून काय निघालं हे तिला कधीच कळत नाही. बाहेरच्यानं विचारायचं, ऐकायचं आणि मग तिला सांगायचं.

तिची धाकटी जाऊ कमला उंबऱ्यात उभी होती. आत यायला तयार नव्हती.

"बाई, हे बरं नाई. नागपूरले दीक्षा घेताना हात वर करून सोडलं न आपुन हे सगळं? तुमच्याच हातानं देव नदीत टाकले."

"देव सोडले व. पोरगी कशी सोडू?"

"आन बुद्धवंदनेले सगळ्यायच्या पुढं तुमीच बसता!"

"तिथं बी बसतो. इथं एक डाव बसू दे. वर्ष झालं आज."

वर्षापूर्वी नाचणगावला, सासरच्या विहिरीत, पूर्णी गेली होती. पाणी काढता काढता पाय घसरला, असं सासरची माणसं सांगत आली. त्याआधी तीनच दिवस ती माहेरी आली होती आणि आईच्या पदराला धरून बसली होती, जात नाही म्हणत. गुलाबनंच तिचं एकेक बोट सोडवलं होतं. तेव्हापासून भाकरी थापताना, कापूस वेचताना, वंदनेला डोळे मिटून बसल्यावरसुद्धा गुलाबला विहिरीत काहीतरी पडल्याचा आवाज येई. एकदाच. मग काही नाही.

"एकच इचारजो," ती म्हणाली. "पाय घसरला, का तिनं..." तिनं हातावरचं पीठ झटकलं. "बस. येवढंच."

कमला आत आली. दार लोटून रिंगणाच्या उघड्या जागेशी बसली.

गुलाबनं सूप मांडीवर घेतलं आणि त्यातल्या मूठभर दाण्यांवरून तळहात गोल फिरवू लागली. छपराच्या फटीतून आलेला कवडसा चुलीवर पडला होता. कमलानं हाक मारली. "पूर्णे, ये." पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा. दाण्यांची घरघर गुलाबला लांबून ऐकू यायला लागली, शेजारच्या घरात कुणी दळत असावं तशी. मग तीही थांबली.

डोळे उघडले तेव्हा कवडसा चुलीवरून सरकून कुडावर चढला होता. दाणे जमिनीवर पांगले होते. गुलाबचे केस सुटले होते आणि घसा सोलवटल्यासारखा दुखत होता. म्हणजे ती खूप बोलली होती. समोर कमला पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती.

"आलती?"

कमलानं मान हलवली.

"काय म्हनली?"

कमलानं पदर तोंडातून काढला, नीट खांद्यावर घेतला.

"पाय घसरला म्हने."

"असंच म्हनली?"

"असंच."

"आन मले? मले काई म्हनली?"

"तुमची काई चूक नाई म्हने." कमला वाकली आणि तळहातानं भराभर रिंगण पुसू लागली. पुसायचं काम बसणारीचं असतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती थांबली नाही. पीठ, सारवण, सगळं तिच्या हाताला लागलं.

गुलाबला एकदम हलकं वाटलं. पाणी प्यावंसं वाटलं. ती ढसाढसा रडली आणि रडता रडता हसली. "चहा मांडतो, थांब," ती म्हणाली. पण कमला तोवर निघून गेली होती, हात न धुता.

चुलीत काडी सारत असतानाच समोर कमलाच्या अंगणातून आवाज आला. तिचा जावई प्रेमदास दमणी जुंपून उभा होता. त्याची बायको जिजा पंधरा दिवसांपासून माहेरी होती, जात नाही म्हणत.

"मामी, धाडा ना तिले. ऊन उतरलं, लांब जाचं हाय."

"जिजा येत नाई."

"काऊन? कालच तं म्हनल्या, उद्या घेऊन जाजा म्हनून!"

"काल म्हनली."

"मंग आज काय झालं?"

कमला दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवी उभी होती. चौकटीवर पिठाचे पांढरे पंजे उमटले होते. प्रेमदासनं समजावून पाहिलं, मग आवाज चढवला, मग बैलांना शिवी घातली. तिनं चौकट सोडली नाही. शेवटी रिकामी दमणी खडखडत वस्तीबाहेर गेली.

गुलाब आपल्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

कमलाच्या हाताखालून वाकून जिजा बाहेर आली. डोळे सुजलेले, पण चेहरा धुतल्यासारखा. पळत पळत ती अंगण ओलांडून आली आणि गुलाबच्या गळ्यात पडली.

"मोठीमाय," ती म्हणाली, "काय सांगतलं व तू मायले?"