भाचीकडे

मामांनी गाडी थेट तंबूजवळ आणून उभी केली आणि इंजिन बंद न करताच खाली उतरले. "आवरा," ते म्हणाले. "मामी वाट बघतेय."

भाची छोट्या गॅसवर चहा टाकत होती. ती, तिचा नवरा आणि सहा वर्षांची चिंगी सुट्टीत या भागातली उद्यानं बघत हिंडत होती. सकाळी तळ्याकाठचं उद्यान पाहून तिथल्याच मोकळ्या जागेत त्यांनी तंबू ठोकला होता, उद्या टेकडीवरचं होतं. मधल्या संध्याकाळी मामांकडे जेवायला जायचं आणि झोपायला परत तंबूत यायचं, असा बेत होता. तो मामांना आदल्या दिवशी फोनवर कळला, आणि तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

मामा घरं बांधायचे. अर्धं गाव त्यांच्या हातचं होतं. स्वतःच्या घरावर त्यांनी हौसेनं पाहुण्यांसाठी एक खोली काढली होती. तिला दोन खिडक्या होत्या आणि तिच्यातल्या गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. आणि सख्खी भाची इतक्या जवळ येऊन फडक्यात झोपणार होती.

त्यांनी तंबूची काठी हलवून पाहिली. "याला पाया आहे का?" त्यांनी जावयाला विचारलं. जावई बिचारा खुंट्या दाखवायला लागला. मामांनी खुंट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. लोक काय म्हणतील ते राहू दे, ते भाचीला म्हणाले, पण तुझी आई असती तर तिला काय वाटलं असतं? चिंगीला तंबूचं किती दिवसांपासून वेड होतं ते भाचीने सांगून पाहिलं, पण मामांचा चेहरा काही सैल होईना. शेवटी तिनं गॅस बंद केला आणि नवऱ्याला खूण केली. तो मुकाट्यानं भांडी गोळा करू लागला.

चिंगीला हे कुणीच विचारलं नव्हतं. ती तंबूच्या दारात आडवी उभी राहिली. सामान काढायचं असेल तर आधी आजोबांनी तिचं घर बघावं, असं तिचं म्हणणं होतं. आणि बूट बाहेर.

मामांनी बूट काढले. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, ते ओणवे आत शिरले. बाहेर गाडीचं इंजिन फुरफुरत होतं.

आत चिंगीनं त्यांना झोपायला लावलं, कारण तिचं घर झोपूनच बघायचं होतं. वर कापडावर झाडाच्या सावल्या हलत होत्या. एक पाखरू कापडावर येऊन बसलं. त्याची इवलीशी पावलं आतून दिसत होती. चिंगीनं त्यांच्या कानात सांगितलं की बोलू नका, उडून जाईल. मामा बोलले नाहीत. पाखरू उडालं, तरीही बोलले नाहीत.

बराच वेळ झाला. भाचीने वाकून आत पाहिलं. मामा पोटावर हात ठेवून गाढ झोपले होते आणि चिंगी त्यांच्या दंडावर डोकं टेकून कापडाकडे पाहत होती. जावई पाय न वाजवता गेला आणि गाडी बंद करून आला.

भाचीने मामीला फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं. मामींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घोरतायत का?"

"खूप."

"मग आज काही उठत नाहीत ते. मीच येते."

ऊन कलायच्या सुमाराला मामी टॅक्सीनं आल्या. सोबत सगळा स्वयंपाक, पांघरुणं, मामांची रक्तदाबाची गोळी आणि स्वतःची उशी. तंबूत डोकावून त्यांनी नवऱ्याच्या पायाला टिचकी मारली. "सरका," त्या म्हणाल्या. "जागा सगळी तुम्हीच खाल्लीत."

मामा डोळे चोळत उठले. आपण इथे कशाला आलो होतो हे आठवायला त्यांना एक क्षण लागला, आणि आठवल्यावर ते एकदम हसायला लागले. मग मामी हसल्या. भाचीला हसता हसता रडू आलं, तेव्हा मामांनी तिच्या डोक्यावर टप्पल मारली आणि चहाचं काय झालं म्हणून विचारलं.

चहा होतोय तोवर उद्यानाचा रखवालदार फेरीवर आला. उघडे डबे, पांघरुणांचा ढीग आणि बाहेर मांडलेले बूट-चपलांचे पाच जोड त्यानं पाहिले. तंबू तिघांच्या नावावर आहे, तो म्हणाला. "हे दोघं कोण?"

भाची काही बोलणार, तोच मामांनी तंबूतून डोकं बाहेर काढलं.

"आम्ही पाहुणे," ते म्हणाले. "भाचीकडे राहायला आलोय."