एकाच खात्यात दोघी

त्या घरातून मी बाहेर पडले, पण रेसिपीच्या ॲपवरच्या आमच्या खात्यातून मला काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यामुळे माझ्या जागी आलेली ती बया आज काय रांधणार, हे मला तिच्या नवऱ्याआधी कळतं. कधी मशरूमचं सूप, कधी पालकाचा पास्ता, कधी चॉकलेटचा केक. माझा लेक बापाकडेच राहतो. रविवारी भेटला की तिच्या केकचं गुणगान गातो आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

काल संध्याकाळी तिनं शोधलं, 'बटाट्याचे काप कुरकुरीत'. थोड्या वेळानं, 'बटाट्याचे काप मऊ'. मग, 'बटाट्याचे काप आईच्या हातचे'.

"शोध, बस शोधत!" मी फोनलाच म्हटलं. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

तेवढ्यात तिचा पुढचा शोध दिसला, 'लहान मूल हट्टानं उपाशी राहिलं तर'.



मी त्याच खात्यात नवी रेसिपी उघडली आणि लिहिलं, "कापांच्या कडा जरा करपू दे. त्याला तसेच लागतात."